ज्यात कुणी मरत नाही अशी पुस्तकं

आधीच माफी मागून ठेवतो. पुस्तकांबद्दल लिहावं असा मी कुणी नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि अभ्यासाच्या बाहेरचं पहिलं पुस्तक माझ्या हातात आलं ते एकोणिसाव्या वर्षी, तेही दुसऱ्याला देण्यासाठी. वाचनावर मत देणाऱ्या लोकांची भाषा मला येत नाही. पण निमकरकाकू म्हणाल्या, "लिहून काढ दिगंबर, नाहीतर तुझ्या डोक्यातून ते जायचं नाही." म्हणून लिहितो आहे. लिहूनही गेलं नाही, तर तो काकूंचा दोष नाही.

मार्च आला आहे आणि चंदीगडचे रस्ते पुन्हा पानांनी भरले आहेत. आमच्या मलकापूरकडेही पानं गळतात, पण ज्या त्या झाडाच्या सवडीनं. इथं एका रस्त्याला एकाच जातीची झाडं लावलेली, त्यामुळे सबंध रस्ता एकाच आठवड्यात उघडा पडतो. सरळ, रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना पानांचे ढीग, आणि त्यावरून पोलिसांची जीप गेली की होणारा तो करकर आवाज. दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये, पंजाब पेटलेला असताना, त्या आवाजानं आम्ही जीप ओळखायचो. पानं वाजली की माझी मावशी दार लोटून घ्यायची. तिला कशाची भीती वाटायची हे तिलाही नक्की सांगता आलं नसतं. जीप आपल्या रक्षणासाठी आहे की आपल्याला धरायला, हे त्या दिवसांत कोण सांगणार होतं?

मी मावशीकडे राहतो. तिचे यजमान हवाई दलात स्टोअरकीपर आहेत. आप्पा, म्हणजे माझे वडील, मलकापूरला जिनिंगमध्ये गाठी बांधतात. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवयांवर कापूस बसलेला असायचा. मी लहानपणी समजायचो, माझे वडील म्हातारे होऊन येतात आणि तोंड धुतलं की पुन्हा तरुण होतात. इथं एप्रिलमध्ये सावरीची बोंडं फुटतात आणि कापूस रस्त्यावर उडत फिरतो, तेव्हा मला उगाच कुणीतरी घरी आल्यासारखं वाटतं.

त्या मार्चमध्ये आमची परीक्षा तीनदा पुढं ढकलली गेली. कधी बंद, कधी संचारबंदी, कधी कारणच नाही. सूचनाफलकावर नवी चिठ्ठी लागायची, जुनी तशीच खाली असायची. आम्ही दोन्ही वाचायचो आणि कुठली खरी यावर वाद घालायचो. अभ्यास झाला होता आणि झाला नव्हताही. अशा रिकाम्या, अस्वस्थ दिवसांत निमकरकाकूंनी माझ्या हातात किल्ली ठेवली.

निमकरकाका विद्यापीठात शिकवतात. त्यांच्या गॅरेजमध्ये गाडीऐवजी इथल्या मराठी मंडळींचं कपाट आहे. त्यात जी पुस्तकं आहेत ती विकत घेतलेली नाहीत. लष्करातल्या, हवाई दलातल्या कुटुंबांची बदली झाली की सामानाच्या काळ्या पेट्या भरताना वजन जास्त होतं, मग पुस्तकं मागं राहतात. ती या कपाटात येतात. त्यामुळे ते कपाट म्हणजे निघून गेलेल्या माणसांची आवड आहे. रविवारी सकाळी दहा ते बारा ते उघडायचं, आणि सहावी-सातवी-आठवीच्या मुलांना पुस्तकं सुचवायची, हे माझं काम.

"मी?" मी काकूंना म्हणालो. "मला काय कळतं?"

"कॉलेजात जातोस ना? मग तुला नाही तर कुणाला कळणार?"

कॉलेजात जाणाऱ्याला सगळं कळतं असं आमच्याही गावात सगळ्यांना वाटतं. मी मान हलवली.

पहिल्याच रविवारी गॅरेजच्या दारासमोर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, सुतळीनं बांधलेलं एक मोठं गाठोडं पडलेलं होतं. त्या काळात बेवारस वस्तूला हात लावू नका असं रेडिओ सांगायचा, शाळेत सांगायचे, बसमध्ये लिहिलेलं असायचं. डब्यात बॉम्ब, ट्रान्झिस्टरमध्ये बॉम्ब. काकू वरच्या गॅलरीतून ओरडल्या, "दिगंबर, मागं हो! आणखी मागं!" मुलं फाटकाबाहेर काढली. मी चौकीवरून दोन पोलीस बोलावून आणले. त्यांच्याकडे लांब बांबू होता आणि तो कुणी धरायचा यावर त्यांचं एकमत नव्हतं. अर्धा तास आम्ही सगळे त्या गाठोड्याकडे बघत उभे होतो. मग गल्लीतलं पिवळं कुत्रं आलं, त्यानं गाठोडं हुंगलं आणि त्यावर बसून अंग खाजवू लागलं. एक पोलीस धीर करून पुढं गेला, त्यानं सुतळी कापली आणि ओरडला, "ओए, किताबां ने जी! किताबां!"

आत वर चिठ्ठी होती. 'अचानक बदली आली. पहाटेच निघतो आहोत. मुलांना द्या.' चिठ्ठी बाहेर लावायचं त्यांना सुचलं नव्हतं. मुलं हसून हसून खाली बसली. मीही हसलो. पुस्तकांना घाबरून पोलीस बोलावणारा माणूस मुलांना पुस्तकं सुचवणार होता.

मुलांनी मला काही अवघड विचारलं नाही. "भैया, चित्र हैं?" "भैया, मोटी वाली मत देना." त्यांना मराठी कळायची, पण उत्तर हिंदीत. आया दटावायच्या, "मराठीत बोल," आणि मुलं "हां मम्मी" म्हणायची. एकच मुलगी वेगळी होती. अनघा, सातवीतली. तिचे वडील मेजर, त्यांची नेमणूक अमृतसरच्या बाजूला, सीमेवर. आई आणि ती इथं सेक्टरमधल्या एका घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत. अनघा पुस्तक हातात घ्यायची, उलटंसुलटं करायची आणि विचारायची,

"भैया, इसमें कोई मरता तो नहीं?"

पहिल्यांदा मी हसलो. ती हसली नाही. मी म्हणालो, "मला बघावं लागेल." ती म्हणाली, "देख लीजिए. मैं रुकती हूँ." आणि ती खरंच थांबली, गॅरेजच्या पायरीवर, गुडघ्यांना मिठी मारून, जणू मी कपाटातली साठच्या साठ पुस्तकं तेवढ्यात वाचून काढणार होतो.

तिचे वडील कुठं आहेत हे मला ठाऊक होतं. त्यामुळे ती असं का विचारते हे मला कळलं असं मला वाटलं. त्या आठवड्यापासून मी वाचायला लागलो. लोक पुस्तकं गोडीसाठी वाचतात, ज्ञानासाठी वाचतात. मी आयुष्यातली पहिली पुस्तकं वाचली ती आत कुणी मेलं आहे का हे शोधायला. बसमध्ये वाचली, सेक्टर सतराच्या चौकात बाकावर बसून वाचली, बंद पडलेल्या कॉलेजच्या पायऱ्यांवर वाचली. नाक्यावर वाळूच्या पोत्यांमागच्या जवानानं माझी पिशवी उपसली आणि आतून परीचं चित्र असलेलं पुस्तक काढून माझ्याकडे पाहिलं. "कॉलेज का लड़का और ये?" मी म्हणालो, "चेक करना है जी." तो म्हणाला, "चेक तो मैं कर रहा हूँ," आणि त्यानं ते पुस्तक पिशवीत नीट सरळ ठेवून दिलं.

मुलांच्या पुस्तकांत किती माणसं मरतात हे मला माहीत नव्हतं. राजे पहिल्याच पानावर जातात. आया तर गोष्ट सुरू होण्याआधीच गेलेल्या असतात. आजोबा जातात, हरणं जातात, इमानी कुत्री हमखास जातात. ज्या पुस्तकात कुणी जात नसे त्याच्या आतल्या पानावर कोपऱ्यात मी पेन्सिलीनं बारीक टिंब द्यायचो. साठांतल्या अकरांवर टिंबं पडली. त्यांतल्या एकाबद्दल मी अडलो.

"अनघा, यात एक मुंगी मरते. चालेल?"

तिनं बराच विचार केला. "चींटी चलेगी."

"आणि या दुसऱ्यात कुत्रा आहे."

"नहीं भैया. कुत्ता नहीं."

काकूंना माझी ही पद्धत पसंत नव्हती. "पुस्तक म्हणजे काय पथ्याचं जेवण आहे? मीठ काढून, तिखट काढून द्यायला? रडू दे की मुलांना थोडं." मला त्यांचं पटायचं. रविवारी अनघा समोर आली की पटेनासं व्हायचं. मोठ्यांनी मुलांना काय वाचायला द्यावं? जे आहे ते, की जे असायला हवं ते? आप्पांना विचारावं असं एकदा मनात आलं. त्यांना वाचता येत नाही, पण भुवयांवरचा कापूस पुसत त्यांनी काहीतरी सांगितलं असतं.

त्या गाठोड्यातून आलेलं एक पुस्तक होतं. मुखपृष्ठ गेलेलं, नावाचं पान गेलेलं, वर जुन्या कॅलेंडरचा कागद चढवलेला. कोकणातल्या एका दीपगृहाची गोष्ट. तिथं दिवा सांभाळणारे बापू आणि त्यांची मुलगी. मी समुद्र पाहिलेला नाही, अनघानंही नव्हता. पण त्या पुस्तकात खारा वारा होता, तेलाचा वास होता, रोज संध्याकाळी जिन्याच्या एकशे चार पायऱ्या मोजत चढणारी मुलगी होती. पुस्तक कशासाठी वाचतो आहे हे मी पहिल्यांदाच विसरलो. निम्मं झालं आणि कॉलेजच्या फलकावर चिठ्ठी लागली की पहिला पेपर परवा आहे. यावेळी चिठ्ठी खरी होती. मी घाईघाईनं शेवटचं पान उघडलं. मुलगी जिना चढून वर गेली आहे, तिनं काच पुसली आहे. शेवटचं वाक्य, 'दिवा लागला.'

दिवा लागला म्हणजे सगळं ठीक आहे, असं मी धरलं. मी टिंब दिलं.

रविवारी अनघानं टिंब पाहिलं आणि तरीही विचारलं, "पक्का?"

"पक्का."

"भैया, ये वाली बहुत ज़रूरी है. पक्का ना?"

"पक्का म्हटलं ना."

आज हे लिहितानाही तो शब्द माझ्याच तोंडचा आहे याची लाज वाटते. पेपर आठवडाभर चालले, कसे गेले ते आठवत नाही. शेवटचा पेपर झाल्यावर दुसऱ्या दिवशी किल्ली द्यायला काकूंकडे गेलो आणि सहज म्हणालो, "ते दीपगृहाचं पुस्तक किती सुंदर आहे, नाही?" काकू डाळिंब सोलत होत्या. म्हणाल्या, "मी लहानपणी वाचलंय ते. कसली रडले होते! तो बाप शेवटी जातो ना वादळात. मग ती एवढीशी पोर एकटी दिवा लावते."

मी सायकल काढली. पुस्तक परत घ्यायचं, काहीतरी सांगायचं, चुकून दिलं म्हणायचं. पानांवरून सायकल घसरत होती. घर सापडलं. फाटकाबाहेर चपला-बुटांची रांग होती. अंगणात पांढऱ्या चादरी अंथरलेल्या. शेजारपाजारचे सरदारजी खाली माना घालून बसलेले, पांढऱ्या ओढण्या घेतलेल्या बायका एका बाजूला. अनघाची आई डोक्यावरून पदर घेऊन सगळ्यांना पाणी देत होती. तिनं मला पाहिलं. फाटकापाशी आली. तिचे डोळे सुजलेले होते.

"नंतर ये हां, बाळा," एवढंच म्हणाली.

मी नंतर गेलो नाही. आठ दिवस वर्तमानपत्रं चाळली. त्यांत त्या दिवसांत आकडे असायचे, नावं क्वचित. मेजरचं नाव मला दिसलं नाही. मग मी वर्तमानपत्र बघणंच सोडलं. काकू मुलीच्या बाळंतपणासाठी इंदूरला गेल्या होत्या. दोन महिन्यांनी परत आल्या तेव्हा म्हणाल्या, "अनघाकडचे गेले रे इथून. फार वाईट झालं त्या घरात." मी "हो" म्हणालो. पुढं विचारायला हवं होतं, पण विचारलं असतं तर पुस्तकाचंही सांगावं लागलं असतं. ज्या दिवशी तिचे वडील गेले त्याच दिवशी तिच्या उशाशी ते पुस्तक होतं, आणि त्यावर माझं टिंब होतं. ही गोष्ट मी दोन वर्षं कुणाला सांगितली नाही.

त्यानंतर मी मुलांना पुस्तकं सुचवणं बंद केलं. रविवारी कपाट उघडायचो आणि बाजूला उभा राहायचो. "भैया, कौन सी लूँ?" "बघ तुझं तू." मुलं बघायची, काही न घेता जायची. आता रविवारी चारपाच मुलंच येतात. सावरीचा कापूस गॅरेजमध्ये उडत येतो आणि पुस्तकांवर बसतो. मी तो पुसत नाही.

मागच्या आठवड्यात काकूंच्या पत्त्यावर माझ्या नावाचं पार्सल आलं. झाशीहून. काकूंनी आधी ते हलवून पाहिलं आणि मग आम्हां दोघांनाही ते पिवळं कुत्रं आठवलं. आत कॅलेंडरचा कागद चढवलेलं पुस्तक होतं. शेवटच्या भागातली चार पानं कधीतरी कडेनं शिवलेली होती. टाक्यांची भोकं तशीच होती, एक निळा धागा अजून लोंबत होता. सोबत पत्र. ते मी काकूंना मोठ्यानं वाचून दाखवायला लागलो आणि मध्येच थांबलो.

अनघा आता नववीत आहे. पत्र हिंदीत आहे, वर एक ओळ मराठीत, 'दिगंबरभैया, मी चुकले तर हसू नका.' तिनं लिहिलं आहे की ती पुस्तकं तिच्यासाठी नव्हतीच. खाली घरमालकांची नात राहायची, हरलीन, तिच्याच वयाची. त्या मार्चमध्ये हरलीनचे वडील बाजारात झालेल्या स्फोटात सापडले होते आणि हॉस्पिटलात होते. ती शाळेत जाईना, कुणाशी बोलेना. अनघा रोज दुपारी खाली जाऊन तिला ही मराठी पुस्तकं हिंदीत, थोडी पंजाबीत करून वाचून दाखवायची. शाळेची लायब्ररी बंद होती, दुसरी पुस्तकं नव्हती. दीपगृहाची गोष्ट हरलीनला सगळ्यांत आवडली होती. पुढचं आदल्या रात्री आपण वाचून ठेवावं म्हणून अनघानं वाचलं आणि तिला ती चार पानं लागली. तिनं आईच्या डब्यातली सुई घेऊन ती शिवून टाकली. दुसऱ्या दिवशी हरलीनला सांगितलं की बापू वादळातून परत आले, फक्त दमले होते, म्हणून त्या दिवशी मुलगी एकटीच जिना चढली. आणि मग शेवटचं पान खरंखुरं वाचलं. दिवा लागला. त्यानंतर तीन दिवसांनी खाली चादरी अंथरल्या गेल्या.

मी पत्र काकूंच्या हातात दिलं. मला नीट काही दिसत नव्हतं.

म्हणजे ज्या माणसासाठी मी दोन वर्षं मनात खाली मान घालून बसलो होतो, तो जिवंत आहे. आणि ज्या घरापुढून मी सायकल वळवली, तिथं जो गेला होता त्याच्यासाठी मी एकदाही हळहळलो नाही. त्याचं नावही मला माहीत नाही. चादरींवर बसलेले ते सरदारजी समाचाराला आलेले शेजारी आहेत असं मी धरलं. ते त्या घरचेच असतील हे माझ्या मनातच आलं नाही. का आलं नाही, याचा मी आठवडाभर विचार करतो आहे. काकू म्हणाल्या, "मला ठाऊक होतं रे खालच्यांचं. तुलाही ठाऊक असेल असं वाटलं." माझं चुकलेलं टिंब कुणाला लागलं आणि कुणाला उपयोगी पडलं, मला आता सांगता येत नाही. ती चार पानं मी त्याच संध्याकाळी वाचली. ती फार चांगली लिहिलेली आहेत.

पत्राचा शेवट काकूंनी वाचला, चष्मा पुसत. फेब्रुवारीत अनघा वडिलांबरोबर दोन दिवसांसाठी चंदीगडला येऊन गेली. 'पापा मोटे हो गए हैं,' तिनं लिहिलं आहे, जाता जाता, कंसात. हरलीननं ते पुस्तक दोन वर्षं जपून ठेवलं होतं. टाके तिनंच कापले होते, पण फार पूर्वी नाही. अनघा घाबरली, सॉरी म्हणाली. हरलीन म्हणाली, मला तेव्हाच कळलं होतं. शिवलेल्या पानांच्या फटीतून मी वाचलं होतं. अक्षरं तर हिंदीचीच आहेत, आणि मराठी काही एवढी अवघड नाही. तू इतकी मन लावून खोटं सांगत होतीस, मग मी काय बोलणार?

आणि सगळ्यांत शेवटी, वेगळ्या शाईत:

'भैया, हरलीन पूछ रही है कि आपकी अलमारी में और कौन सी किताब है. मार्च के आखिरी रविवार को वो खुद आएगी, दस बजे. कहती है, अब कोई मर भी जाए तो चलेगा. बस आदमी बापू जैसा अच्छा हो. आप बताएँगे ना? पक्का?'